पियानोचा भाता

जेवायला बसले तरी हिरालाल मास्तरांचे पाय चालूच असत. गुडघे वाकत नाहीत म्हणून ते खुर्चीवर बसून जेवायचे. वर हातानं वरणभात कालवणं चाललेलं असायचं आणि खाली दोन्ही पावलं आळीपाळीनं जमीन दाबत राहायची, डावं, उजवं, पुन्हा डावं. नवख्या पाहुण्याला वाटावं, हा माणूस जन्मभर शिलाईची मशीन चालवत आला असेल. मंदाबाई भाजी वाढता वाढता म्हणायची, "जेवा आता. ताटात हवा नाई भरा लागत."

मास्तर ओशाळून पाय आवरत आणि दुसऱ्या घासाला पुन्हा सुरू करत.

त्यात त्यांचा दोष नव्हता. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी सारी उमर ऑर्गन वाजवला होता. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडई म्हटली की नाटक आलं, आणि नाटक आलं की स्टेजच्या पुढ्यात ऑर्गन घेऊन हिरालाल मास्तर हे ठरलेलं. आता ऑर्गन म्हणजे काय, तर टेबलाएवढी मोठी पेटी. हात वरच्या पट्ट्यांवर आणि पाय खालच्या दोन पायडलांवर. पायडलं हाणत राहिलं तर आतल्या भात्यात हवा भरते आणि सूर निघतो. पाय थांबले की सूर मेला. स्टेजवर राजा पडो की राणी विष घेवो, मास्तरांच्या पायांना सुट्टी नव्हती.

मग दोनेक वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला. गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो काढून बजावलं की हे हाणणं बंद करा, नाहीतर चालणं बंद होईल. मास्तरांनी ऑर्गन नाटक मंडळीला देऊन टाकला. मंडळीनं त्याच्या जागी विजेवरचा कीबोर्ड आणला आणि आदरानं मास्तरांना बोलावलंही, की याला पाय लागत नाहीत, या. मास्तर म्हणाले, "खेळणं मी नाई वाजवत." हट्टीपणात ते कुणाला हार जाणारे नव्हते.

तेव्हापासून गोंदियाजवळच्या मुर्रीतलं ते घर गप झालं होतं. मंदाबाई दिवसभर टोमणे मारायची, कारण टोमणा मारला की ते निदान उलट बोलत. पण संध्याकाळी खाटेच्या काठावर बोटं फिरवत, खाली पाय हलवत, काहीच न वाजवता बसलेले मास्तर दिसले की ती उठून देवापुढे दिवा लावायची. या माणसाला पुन्हा काहीतरी वाजवायला मिळावं, एवढंच ती देवाकडे मागायची. देवाला मात्र ती हे असं सांगे की, यांची कटकट कमी होऊ दे.

अशात एका सकाळी बिरसीहून दुर्गाप्रसाद राहांगडाले गाडी घेऊन दारात आला. दुर्गाप्रसाद म्हणजे बिरसीतला धानाचा मोठा शेतकरी, जुन्या पोवार घराण्यातला. गावच्या मंडईचं नाटक ठरवायचा मान त्याच्याच घराकडे, त्यामुळे मास्तरांना तो चांगला ओळखून होता. घराच्या वरच्या मजल्यावर तो गावाजवळच्या, विमान शिकवणाऱ्या केंद्रातली माणसं भाड्यानं ठेवायचा.

"मास्तरजी," तो चहाचा कप हातात घेत म्हणाला, "पियानो वाजवता येते का तुमाले?"

मास्तरांनी मान वर केली.

हकीगत अशी होती. वरच्या मजल्यावर गोव्याच्या एक कॅप्टन मॅडम राहत. पोरांना विमान उडवायला शिकवत आणि फावल्या वेळात पियानो वाजवत. तो पियानो वर चढवताना धानाची पोती उचलणारे हमाल जेरीस आले होते. पुढे मॅडमना दुसरीकडे मोठं विमान मिळालं, आणि जाताना पियानो कुठे नेणार म्हणून त्या दुर्गाप्रसादच्या मुलीला, योगेश्वरीला, देऊन गेल्या. योगेश्वरीनं तो खाली बैठकीत आणवला, दोन दिवस वाजवला आणि त्याच्यावर फुलदाणी ठेवली.

"रविवारी पोरीचं फलदान हाये, सोयरीक पक्की होऊन राहिली," दुर्गाप्रसाद म्हणाला. "पाहुने बालाघाटचे. व्याही मोठे शौकीन, गानंबजावनं आवडते. आमच्या घरी पियानो हाये म्हनून मी सांगून बसलो. आता ते म्हनून राहिले, ऐकवा."

"मग ऐकवा," मंदाबाई म्हणाली.

"त्याचा गळा बसला हाये ना, वहिनी. पहिल्यापासूनच दबक्या आवाजात बोलते. रायपूरचा एक मानूस सोमवारी गाडी घेऊन येतो म्हनते, देऊन टाकीन. पन मास्तरजींनी रविवारी चांगला वाजवून दाखवला, तं कायले देतो? राहू दे घरी. तुमी रोज येत जा, वाजवत जा, तुमचाच समजा."

मंदाबाईची नजर सवयीनं खाली गेली. मास्तरांचे पाय थांबले होते. दोन वर्षांत जागेपणी ते पहिल्यांदाच असे थांबले असावेत.

"पियानो म्हनजे काय," मास्तर सावकाश म्हणाले, "ऑर्गनचा मोठा भाऊ. त्यात का हाये?"

मास्तरांनी पियानो आजवर फक्त सिनेमात पाहिला होता, आणि तोही नायकाच्या पाठीकडून. मंदाबाईला हे ठाऊक होतं. तिनं चुलीवरचं उतरवलं, पदर नीट केला आणि न विचारता गाडीत जाऊन बसली.

दुर्गाप्रसादच्या बैठकीत भिंतीला टेकून पियानो उभा होता, काळा, कपाटासारखा. त्याच्यासोबतचा स्टूल मॅडम घेऊन गेल्या होत्या, म्हणून योगेश्वरीनं लांब लाकडी बाक लावला. मास्तरांनी बसून आधी पट्ट्या पाहिल्या. त्या ओळखीच्याच होत्या, फक्त भरपूर. मग खाली पाहिलं, तर पायडलं तीन.

"दोन तं समजले," ते म्हणाले. "तिसरं कोनासाठी?"

"माह्यासाठी असन," मंदाबाई म्हणाली.

मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही टोकांच्या पायडलांवर पाय ठेवले, देवाचं नाव घेतलं आणि हात-पाय एकदम सुरू केले. आवाज निघाला, पण कसा? रजईत तोंड खुपसून कुणी गात असावं तसा. आणि तोही सलग नाही, मध्येच वाहता, मध्येच तुटता. मास्तरांना वाटलं, हवा कमी पडते. त्यांनी पाय जोरात हाणले. आवाजाचे आणखी बारीक तुकडे झाले. त्यांनी दात ओठ खाऊन आणखी हाणले. गुडघे कटकट वाजू लागले, ते मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

"लीक हाये," मास्तर घाम पुसत म्हणाले. "भाता फाटला. सायकलच्या पंक्चरचं सोलुशन अना चामड्याचा तुकडा आना. अब्बी चिकटवतो."

दुर्गाप्रसादनं माणूस पिटाळला. सोलुशन आलं, चामडं आलं. मास्तरांनी पायडलांच्या वरची फळी काढली, बाकावर आडवे होऊन आत डोकावले आणि बराच वेळ तसेच राहिले. आत लाकडी दांड्या होत्या, स्प्रिंगा होत्या, उंदरानं आणून टाकलेला धानाचा कोंडा होता, योगेश्वरीची हरवलेली केसांची पिन होती. भाता नव्हता. मास्तर उठून बसले तेव्हा त्यांचा चेहरा मयताला जाऊन आल्यासारखा झाला होता.

"दुर्गाप्रसादजी," ते हळूच म्हणाले, "याचा भाता कोनी काढून नेला."

दुर्गाप्रसाद म्हणाला, मॅडम तशा नव्हत्या. मास्तर म्हणाले, मी कोणाचं नाव घेत नाही, पण भाता स्वतःहून चालत जात नाही. सोलुशन आणणारा माणूस दारातच उभा होता, त्यामुळे चहा येईपर्यंत पियानोच्या भात्याची चोरी बिरसीच्या पानठेल्यावर पोचली. कुणीतरी म्हणे, एवढा मोठा भाता विमानातूनच नेला असेल, असंही बोलून गेलं.

शेवटी योगेश्वरीनं मॅडमलाच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा समोर धरला. तिनं भीत भीत विचारलं, की आंटी, पियानो का भाता आप के पास है क्या? पलीकडून हसू आलं, आणि ते पुष्कळ वेळ येत राहिलं.

"अरे बेटा, पियानो को हवा लगती ही नहीं," मॅडम कशाबशा म्हणाल्या. "अंदर तार हैं, तार पर हथौड़ी पड़ती है. ऊपर का ढक्कन खोलके देखो. मेरी फ्लाइट है, रखती हूँ."

फोन बंद झाला. दुर्गाप्रसाद खिडकीबाहेर पाहू लागला. योगेश्वरी ओढणी तोंडाशी धरून आतल्या खोलीत पळाली. मास्तर पट्ट्यांकडे पाहत बसून राहिले आणि त्यांचे पाय हळूहळू पुन्हा हलू लागले.

एरवी मंदाबाईनं असा मोका सोडला नसता. या एका भात्यावर तिचे वर्षभराचे टोमणे निघाले असते. पण मास्तरांची वाकलेली मान पाहून तिला राग आला, कुणाचा ते तिलाही कळलं नाही. ती बाकावर चढली, फुलदाणी दुर्गाप्रसादच्या हातात दिली आणि पियानोचं वरचं झाकण उघडलं.

"काय पाहून राहिली वो?" मास्तरांनी विचारलं.

"चोर. तुमी वाजवा."

मास्तरांनी एक पट्टी दाबली. आत एका ओळीत लाकडी हातोड्या होत्या, त्यांतली एक पुढे धावली. पण तार आणि हातोडी यांच्या मधोमध जाड लोकरी कापडाची लांब पट्टी लोंबत होती. हातोडी बिचारी त्या कापडावरच आपटून परत येत होती.

"याच्या तोंडात तं फडकं कोंबलं हाये," मंदाबाई म्हणाली आणि कापड ओढायला गेली.

"ओढू नको," मास्तर घाईनं म्हणाले. "बसवलेलं हाये ते. कशानं तरी वर होत असन."

मग दोघांनी खाली पाहिलं. टोकांची दोन पायडलं वर होती. मधलं मात्र खाली दबलेलं होतं आणि डावीकडच्या खाचेत अडकून बसलं होतं. मंदाबाई बाकावरून उतरली आणि पायाच्या अंगठ्यानं तिनं त्याला उजवीकडे ढकललं. ते टपकन वर आलं. वर काहीतरी सरकलं. एवढ्या भानगडीत तिचं पाऊल मास्तरांच्या पावलाला घासून गेलं, तशी तिनं लगेच वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला. नवऱ्याला पाय लागला की नमस्कार. लग्न होऊन आल्यापासून हे कधी चुकलं नव्हतं, भांडण चालू असलं तरी.

"आता वाजवा," ती म्हणाली.

मास्तरांनी पंजा ठेवला आणि अख्खी बैठक दणाणली. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. दुर्गाप्रसादच्या हातातली फुलदाणी पडता पडता राहिली. दोन-चार पट्ट्या बेसूर होत्या, पण गळा बसलेला मुळीच नव्हता. आता दुर्गाप्रसाद कानामागे खाजवू लागला. त्याला आठवलं की मॅडम राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यानं जिना चढून सांगितलं होतं, दुपारी जेवून मी जरा पडतो, आवाज कमी करता आला तर बरं. मॅडमनी केला होता. आणि तो दरवर्षी पाहुण्यांना सांगत राहिला, पियानो चांगला हाये पन आवाज नाई.

मग मंदाबाई पुन्हा बाकावर चढली. तिला आता त्यात गोडी वाटू लागली होती. तिनं मास्तरांना उजवं पायडल दाबायला लावलं. प्रत्येक तारेवर एकेक लोकरी गादी टेकून बसली होती, त्या साऱ्या गाद्या एकदम तारांवरून उठल्या, धानाच्या बांधीतून बगळ्यांचा थवा उठावा तशा. पायडल सोडलं की पुन्हा साऱ्या खाली टेकल्या.

"हे कायले?" मास्तरांनी विचारलं.

मंदाबाईनं विचार केला. मग तिनं फलदानासाठी घासून ठेवलेली काशाची थाळी उचलली, चमच्यानं वाजवली. थाळी घुमत राहिली. तिनं वर पंजा टेकला, थाळी गप झाली.

"तारेवर हात ठेवला हाये त्याच्या," ती म्हणाली. "तुमी पट्टी दाबली का त्या एका तारेवरचा हात उठते, सोडली का टेकते. अना हे उजवं पायडल दाबलं का साऱ्याच तारांवरचे हात उठतात. मग वाजलेलं वाजतच राहते, तुमी पट्टीवरून बोट काढलं तरी."

मास्तरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी उजवं पायडल दाबून धरलं, एक सूर वाजवला आणि दोन्ही हात हवेत उचलले. सूर चालूच राहिला. हात नाही, भाता नाही, पाय हलत नाहीत, आणि सूर आपला जिवंत. मास्तर तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले.

"मले सांगा," मंदाबाई उघड्या पियानोवर वाकून मोठ्यानं म्हणाली, "एवढं वय झालं, कोनाचं नाव चोरीत घेताना लाज नाई वाटली?"

पायडल अजून दबलेलं होतं. मोकळ्या तारांनी तिचा आवाज पकडला आणि पियानोच्या पोटातून तिचीच बोलणी बारीक घुमून परत आली. मास्तर दचकले.

"हा बी तुह्याच बाजूचा निंगाला," ते म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू होतं.

डाव्या पायडलाचंही कोडं सुटलं. ते दाबलं की हातोड्यांची सगळी ओळ तारांच्या जवळ सरकायची. धावायला जागा कमी, म्हणून मार हलका, म्हणून आवाज मऊ. तीन पायडलं, तीन कामं, आणि हवेचा कुठेच संबंध नाही. मास्तरांच्या डोक्यात सारं नीट बसलं.

पायांत मात्र काही बसलं नाही. अडचण ती होती. पद सुरू केलं की दुसऱ्याच ओळीला दोन्ही पाय आपोआप हलू लागत. डाव्यानं आवाज मऊ व्हायचा, उजव्यानं मोकळा, पुन्हा मऊ, पुन्हा मोकळा, आणि गाणं उचकी लागल्यासारखं चालायचं. मंदाबाई ओरडली की मास्तर उजवा पाय दाबून ठोकळ्यासारखा धरून ठेवत. मग मागचा सूर, पुढचा सूर, त्याच्या पुढचा, सारे एकमेकांच्या अंगावर पडत आणि नुसता गलका होई. खरी गंमत मधे कुठेतरी होती. सूर लागल्यावर दाबायचं, चाल वळली की क्षणभर सोडायचं, आणि नवा सूर लागल्यावर पुन्हा दाबायचं. ज्या माणसाचे पाय थांबले की गाणं मरत आलं, त्याला पाय थांबवायला सांगणं म्हणजे डोळे उघडे ठेवून शिंक म्हणण्यासारखं होतं.

रविवारपर्यंत रोज दुर्गाप्रसादची गाडी मुर्रीला येऊन दोघांना नेत होती. डाव्या पायावर मंदाबाईनं पहिल्याच दिवशी तोडगा काढला. तिनं तो गमछ्यानं बाकाच्या पायाला बांधून टाकला.

"चोराले बांधतात असं," मास्तर कुरकुरले.

"भाता सापडला का सोडीन," ती म्हणाली.

उजव्या पायासाठी ती मागे उभी राहून त्यांच्या खांद्यावर बोट टेकायची. बोट टेकलं की दाबायचं, उचललं की सोडायचं. राजकन्या सासरी निघते त्या वेळचं एक संथ पद मास्तरांनी निवडलं होतं. रुचिका, म्हणजे आता आमगावात नांदणारी त्यांची मुलगी, मांडीवर होती तेव्हापासून मंदाबाई पहिल्या रांगेत बसून ते पद ऐकत आली होती. ते कुठे वळतं, कुठे श्वास घेतं, हे तिला मास्तरांइतकंच ठाऊक होतं. बोट असलं की पद सुरेख निघे. बोट काढलं की चार ओळींत पाय पुन्हा पेटत.

"काकू, त्यापेक्षा तुम्ही त्यांच्या पायावर पायच ठेवा ना," योगेश्वरी म्हणाली. "सीधा कंट्रोल."

"पाप लागते, बाई," मंदाबाई म्हणाली, आणि ते हसण्यावारी नव्हतं. चुकून लागलेल्या पायाला नमस्कार असतो. मुद्दाम ठेवलेल्या पायाला काय असतं, ते तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं.

रविवारी बालाघाटचे पाहुणे गाड्या भरून आले. फलदानाचे विधी दुपारच्या आत उरकले, योगेश्वरीच्या ओटीत नारळ पडला, फोटो निघाले. मग भरघोस मिशांचे व्याही लोडाला टेकून म्हणाले, "हाँ, अब पियानो."

मास्तर धुतलेला सदरा घालून बाकावर बसले. गमछ्याची गाठ मंदाबाईनं आधीच मारून ठेवली होती. ती त्यांच्या मागे उभी राहायला निघाली, तेवढ्यात घरातल्या बायकांनी मानानं तिचा हात धरून तिला पलीकडे बायकांच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. पाहुण्यांच्या देखत नाही कसं म्हणायचं? ती बसली, पण तिची नजर पायावर.

पहिल्या ओळी छान गेल्या. पाय दबला, सुटला, दबला. सूर मोकळे होऊन बैठकभर पसरले आणि बायकांची कुजबुज थांबली. व्याह्यांनी मान डोलावून जोरात "वाह" म्हटलं. त्या एका वाहनं घात केला. मास्तरांच्या कानाला मंडई लागली, पुढ्यात हजार माणसं दिसली असावीत, आणि उजवा पाय हाणू लागला. बांधलेला डावा पायही जोर करू लागला, त्यानं बाक करकरला. पदाला उचकी लागली. पोरं फिदीफिदी हसली. व्याह्यांची मान डोलायची थांबली. दुर्गाप्रसादनं खिशातून मोबाईल काढला आणि तो नुसताच हातात धरला. तो रायपूरला लागणार हे मंदाबाईला कळत होतं.

मास्तरांच्या मानेवर घाम आला होता. त्यांना कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. हे आज तुटलं, तर हा माणूस खाटेच्या काठावर परत जाणार आणि पुन्हा कधी उठणार नाही, हे मंदाबाईला लख्ख दिसलं. तिला भीती वाटली. एवढी भीती तिला डॉक्टरांकडेही वाटली नव्हती.

ती उठली. सतरंजी ओलांडून सरळ बाकाकडे गेली, मास्तरांच्या उजव्या हाताला बसली, लुगड्याचा घोळ दोघांच्या पायांवर पसरला आणि त्याखाली आपलं पाऊल त्यांच्या पावलावर ठेवलं. ठेवलं ते दाबलंच. पाप लागायचं ते लागो, पण आधी हे पद पुरं होऊ दे.

खालचं पाऊल आधी धडपडलं, कोंबडं हातात धरल्यावर धडपडतं तसं. तिनं ते तसंच धरून ठेवलं. मग चाल वळली, तिनं पाय सैल केला, नवा सूर लागला, पुन्हा दाबला. दोन ओळी गेल्या, आणि खालचं पाऊल निवांत झालं. पदातली राजकन्या वेशीपर्यंत आली, तिनं मागे वळून पाहिलं, आईनं डोळ्याला पदर लावला. शब्द कुणीच गात नव्हतं, तरी बायकांच्या सतरंजीवर योगेश्वरीच्या आईनं खरोखरच पदर लावला. मास्तर मंदाबाईकडे पाहत नव्हते आणि ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. सारं बोलणं लुगड्याखाली चाललं होतं.

शेवटचा सूर लागला. मास्तरांनी हात उचलून मांडीवर ठेवले. मंदाबाईनं पाय उचलला नाही.

सूर राहिला. ऑर्गनवर हा सूर संपवताना मास्तरांचे पाय आधी थकायचे आणि हवा सरली की तो खोल जाऊन बुडायचा. इथे चारही पाय स्थिर होते आणि तो आपला चालत होता, बारीक होत, आणखी बारीक होत, छताच्या पंख्याची घरघर ऐकू येईपर्यंत. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते. आपलेही भरलेत, हे मंदाबाईला उशिरा कळलं. मग तिनं पाय सैल केला आणि साऱ्या तारांवर ते लोकरी हात टेकले.

व्याही टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. दुर्गाप्रसादनं मोबाईल कानाला लावला आणि रायपूरच्या माणसाला सांगितलं की भाई, आना मत, पियानो कहीं नहीं जा रहा. मग बाकाजवळ येऊन तो मास्तरांना खालच्या आवाजात म्हणाला, "उद्यापासून या. पन दुपारी जेवन झाल्यावर ते मधलं पायडल तेवढं अडकवत जा."

गर्दी जेवणाकडे वळली. बाकावर दोघंच उरली. आता मंदाबाईला नमस्काराची आठवण झाली आणि ती वाकायला गेली, तर मास्तर आधीच कमरेतून वाकलेले. तिला वाटलं, गमछा सोडतायत. त्यांनी तिच्या पावलाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

"काय करून राहिले," ती दबक्या आवाजात म्हणाली. "लोकं पाहून राहिले ना."

"माहा पाय लागला तुले."

"माहा पाय वरतं होता."

"तं खालून लागला," मास्तर म्हणाले, आणि गमछ्याची गाठ सोडू लागले.